युरोपीय वेस्टर्नपटांचे दिवंगत कलावंत आणि तंत्रज्ञ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपीय वेस्टर्न म्हणजे नक्की कोणते चित्रपट?

गोष्टी अमेरिकेच्या पश्चिमेतल्या, पण चित्रपट काढले युरोपातल्या लोकांनी, युरोपातल्या जमिनीवर आणि बहुतेकदा दोन-तीन देशांचा पैसा एकत्र करून. १९६२ साली पश्चिम जर्मनीत जर्मन लेखक कार्ल माय यांच्या कादंबरीवरचा 'सिल्व्हर लेकचा खजिना' आला. त्याचं चित्रीकरण तेव्हाच्या युगोस्लाव्हियात, म्हणजे आजच्या क्रोएशियात झालं. १९६४ मध्ये सर्जिओ लिओने यांचा 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' आला आणि इटलीत अशा चित्रपटांची रीघ लागली. त्यांनाच पुढे 'स्पॅगेटी वेस्टर्न' म्हटलं गेलं. स्पेनच्या आल्मेरिया प्रांतातलं ताबेर्नासचं रखरखीत वाळवंट हे त्यांचं टेक्सास आणि तेच मेक्सिको. पूर्व जर्मनीतही १९६६ पासून असे चित्रपट निघाले. त्यांत नायक मूळ अमेरिकन आदिवासी असत.

जुन्या चित्रपटांतली माणसं जाणारच. यांचं वेगळं स्मरण कशासाठी?

कारण यांच्यातल्या कितीतरी जणांना त्यांचं स्वतःचं नावच पडद्यावर मिळालं नाही. प्रेक्षकाला चित्रपट अमेरिकन वाटावा म्हणून निर्मात्यांनी श्रेयनामावलीत इंग्रजी नावं घातली. 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स'च्या मूळ प्रतीत लिओने 'बॉब रॉबर्टसन' झाले. त्यांचे वडील मूकपटांच्या काळात 'रोबेर्तो रोबेर्ती' या नावाने दिग्दर्शन करत, त्यामुळे मुलाच्या टोपणनावात बापाची आठवण दडलेली आहे. संगीतकार एनिओ मॉरिकोने 'डॅन साव्हिओ' झाले. छायालेखक मास्सिमो दाल्लामानो 'जॅक डाल्मास', कलादिग्दर्शक कार्लो सिमी 'चार्ल्स सायमन्स', खलनायक जान मारिया वोलोन्ते 'जॉनी वेल्स' आणि धिप्पाड मारिओ ब्रेगा 'रिचर्ड स्टायव्हेसंट'.

एकाच चित्रपटातली ही गत. अशा शेकडो चित्रपटांत हेच चाललं. म्हणून एखादा साहाय्यक नट किंवा संकलक गेल्याची दोन ओळींची बातमी येते, तेव्हा ती वाचणाऱ्याला आपण या माणसाला पाहिलंय हे कळतच नाही. खरं नाव आणि पडद्यावरचं नाव यांची गाठ घालून देणं हे या स्मरणाचं पहिलं काम. फुलं, फोटो, आवडते प्रसंग हे सगळं त्यानंतर.

पडद्यावर जो दिसतो, त्याचाच आवाज असतो का?

पुष्कळदा नसतो. इटलीत तेव्हा चित्रीकरणाच्या वेळी आवाज पक्का मुद्रित करत नसत. सेटवर अमेरिकन इंग्रजीत बोले, स्पॅनिश नट स्पॅनिशमध्ये, इटालियन आपल्या भाषेत, आणि सगळे संवाद मागाहून डबिंगच्या खोलीत चढवले जात. लिओने यांच्या तीन 'डॉलर'पटांच्या ('अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स', 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर' आणि 'द गुड, द बॅड अँड द अग्ली') इटालियन आवृत्तीत क्लिंट ईस्टवूड बोलतात ते एन्रिको मारिया सालेर्नो यांच्या आवाजात. सालेर्नो स्वतः रंगभूमीवरचे मोठे नट. ते १९९४ मध्ये गेले. वोलोन्ते तर अस्सल इटालियन, आवाज कमावलेला, तरी पहिल्या दोन चित्रपटांत त्यांच्या तोंडी नांदो गात्सोलो यांचा आवाज आहे. गात्सोलो २०१५ मध्ये गेले. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'मधला तुको, म्हणजे त्यातला 'अग्ली', इटलीच्या प्रेक्षकांना कार्लो रोमानो यांच्या आवाजात भेटला.

माझं ठाम मत आहे की या चित्रपटांतल्या भूमिकेवर लिहिताना चेहरा आणि आवाज ही दोन्ही नावं लिहावीत. ईस्टवूड यांच्या तुटक, थंड बोलण्यावर इटलीची एक पिढी फिदा झाली. ते बोलणं सालेर्नो यांचं होतं.

लिओने आणि मॉरिकोने शाळासोबती होते, हे खरं का?

खरं आहे. दोघेही रोमचे. मॉरिकोने यांचा जन्म १० नोव्हेंबर १९२८ चा, लिओने यांचा ३ जानेवारी १९२९ चा. प्राथमिक शाळेत ते एका वर्गात होते आणि तिथला एक सामूहिक फोटोही आहे. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. पहिल्या वेस्टर्नच्या संगीतासाठी लिओने मॉरिकोने यांच्या घरी गेले, तेव्हा ही जुनी ओळख निघाली.

लिओने ३० एप्रिल १९८९ रोजी रोममध्ये हृदयविकाराने गेले. वय साठ. लेनिनग्राडच्या वेढ्यावरच्या भव्य चित्रपटाची तयारी चालू होती, ती तशीच राहिली. रोमजवळच्या प्रातिका दि मारेच्या छोट्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. मॉरिकोने त्यानंतर एकतीस वर्षं जगले आणि ६ जुलै २०२० रोजी गेले. पडल्यामुळे मांडीचं हाड मोडलं होतं. आपल्या निधनाचं निवेदन त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं. त्यात जिवलगांची नावं घेऊन निरोप आहे, कुणाला त्रास नको म्हणून अंत्यविधी खासगी ठेवण्याची विनंती आहे, आणि शेवटी पत्नी मारिया हिचा निरोप, जो त्यांनी सगळ्यांत क्लेशदायक म्हटला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या प्रसंगांना सूर देणाऱ्या माणसाने स्वतःच्या प्रसंगाला इतके मोजके शब्द दिले, हे मला फार मोठं वाटतं. रोममधल्या मोठ्या संगीत सभागृहाला त्याच वर्षी त्यांचं नाव देण्यात आलं.

त्या संगीतातली शीळ कुणाची?

अलेस्सांद्रो अलेस्सांद्रोनी यांची. 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स'मधली शीळ त्यांची आणि ती झणझणीत गिटारही त्यांचीच. चित्रपटांतलं वृंदगायन ज्या 'कांतोरी मोदेर्नी' गायकवृंदाचं, तो त्यांनीच उभा केला. जगात कुठेही दोन माणसं समोरासमोर येऊन डोळे बारीक करतात तेव्हा मागून कुणीतरी तशी शीळ घालतो, पण ती पहिल्यांदा घालणाऱ्याचं नाव विचारलं तर उत्तर येत नाही. ते २६ मार्च २०१७ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, आफ्रिकेतल्या नामिबियात स्वाकोपमुंड इथे गेले. या यादीतल्या एकाच माणसाचं नाव पाठ करायचं ठरवलं, तर हे करा.

'द गुड, द बॅड अँड द अग्ली'मधला 'बॅड' आणि 'अग्ली' कधी गेले?

'बॅड' झालेले ली व्हॅन क्लीफ १६ डिसेंबर १९८९ रोजी कॅलिफोर्नियात गेले, लिओने यांच्या मागोमाग साडेसात महिन्यांनी. १९५० च्या दशकात त्यांनी हॉलीवूडमध्ये लहान-लहान खलभूमिका केल्या. मग मोटार अपघातात गुडघा निकामी झाला, कामं आटली आणि ते चित्रं काढून गुजराण करू लागले. अशा वेळी १९६५ च्या 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर'साठी लिओने यांनी त्यांना शोधून काढलं आणि चाळिशीत त्यांचं खरं आयुष्य सुरू झालं. लॉस एंजेलिसमधल्या त्यांच्या कबरीवरच्या पाटीत 'वाईटांतला सर्वोत्तम' अशा अर्थाचे शब्द कोरलेले आहेत.

तुको झालेले ईलाय वॉलक २४ जून २०१४ रोजी, ९८ वर्षांचं भरलेलं आयुष्य जगून गेले.

वोलोन्ते यांचं निधन चित्रीकरणाच्या वेळीच झालं ना?

हो, पण ते वेस्टर्नचं चित्रीकरण नव्हतं. वेस्टर्ननंतर ते इटलीच्या राजकीय चित्रपटांचे सर्वांत धारदार नट झाले. ६ डिसेंबर १९९४ रोजी ग्रीसमधल्या फ्लोरिना गावात ग्रीक दिग्दर्शक थिओ अँजेलोपूलोस यांच्या चित्रपटाचं काम चालू असताना हृदयविकाराने त्यांचा मृत्यू झाला. ती भूमिका पुढे एर्लांड योसेफसन यांनी केली. सार्डिनियाजवळच्या ला माद्दालेना बेटावर त्यांना पुरलं आहे.

आणि अल म्युलॉक?

या प्रश्नाचं उत्तर जपून द्यावं लागतं. अल म्युलॉक हे कॅनडाचे नट. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' सुरू होतो तो त्यांच्या राकट चेहऱ्यावर, आणि 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'च्या आरंभी स्टेशनवर वाट पाहणाऱ्या तिघांपैकी बोटं मोडणारा तो म्युलॉक. मे १९६८ मध्ये, त्याच चित्रपटाचं काम स्पेनच्या ग्वादिक्स परिसरात चालू असताना त्यांनी आपलं आयुष्य संपवलं. त्या चित्रपटात मॅकबेन या आयरिश बापाचं काम करणारे फ्रँक वुल्फ यांनीही डिसेंबर १९७१ मध्ये रोममध्ये तसंच केलं.

या दोघांबद्दल जे लिहिलं जातं त्यात मृत्यूची पद्धत, त्या वेळचा पोशाख, सेटवर कोण काय बोललं याची रसभरित वर्णनंच जास्त असतात. मी ती इथे मुद्दाम देत नाही. म्युलॉक यांनी बोटांच्या सांध्यांच्या आवाजावर एक अख्खा प्रसंग उभा केला. वुल्फ काही मिनिटांच्या कामात एक घर, एक स्वप्न आणि त्याचा अंत दाखवून गेले. आठवायचं ते हे.

बड स्पेन्सर यांचं खरं नाव काय होतं?

कार्लो पेदेर्सोली, जन्म नेपल्स, ३१ ऑक्टोबर १९२९. नट होण्याआधी ते जलतरणपटू होते. १०० मीटर फ्रीस्टाइल एका मिनिटाच्या आत पोहणारे पहिले इटालियन तेच, आणि १९५२ च्या हेलसिंकी व १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ते उतरले होते. टोपणनावातला 'बड' आवडत्या बिअरवरून आणि 'स्पेन्सर' आवडत्या नटावरून, स्पेन्सर ट्रेसीवरून. जोडीदार टेरेन्स हिल म्हणजे मारिओ जिरोत्ती. या दोघांचा 'दे कॉल मी ट्रिनिटी' १९७० मध्ये आला आणि रक्ताळलेल्या वेस्टर्नमध्ये थपडा आणि बीन्स आल्या. त्याचे दिग्दर्शक ई. बी. क्लचर म्हणजे एन्झो बार्बोनी. ते मूळचे छायालेखक, सर्जिओ कोर्बुच्ची यांच्या 'जँगो' या वेस्टर्नचं छायालेखन त्यांचंच. ते २००२ मध्ये गेले.

स्पेन्सर २७ जून २०१६ रोजी रोममध्ये गेले. शेवटचा शब्द 'धन्यवाद' होता, असं त्यांच्या मुलाने सांगितलं. २०१७ मध्ये बुडापेस्टमध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला. जर्मनीतल्या श्वेबिश ग्म्युंड गावाने तर ते हयात असतानाच, २०११ मध्ये, आपल्या जलतरण तलावाला त्यांचं नाव दिलं. तरुणपणी ते तिथे पोहले होते. पोहणाऱ्याच्या नावाने तलाव, याहून नेमकं स्मारक मला तरी माहीत नाही.

या चित्रपटांत स्त्रिया फारशा नसतात. मग स्मरणात कोण?

असतात, फक्त त्यांच्यावर लिहिलं कमी जातं. 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' हा जिलचा चित्रपट आहे आणि जिल म्हणजे क्लाउडिया कार्डिनाले. ट्युनिसमध्ये जन्मलेल्या कार्डिनाले सप्टेंबर २०२५ मध्ये, ८७ व्या वर्षी फ्रान्समध्ये गेल्या. नव्याने वसणाऱ्या गावात मजुरांना पाणी पाजायला ती बाहेर येते, तिथे लिओने यांच्या सगळ्या बंदुकबाजांची गोष्ट मागे पडते.

लीना व्हेर्टम्युलर यांची आठवण तर हटकून काढायला हवी. १९६८ मध्ये एल्सा मार्तिनेल्ली यांना नायिका घेऊन बेल स्टार या अमेरिकन स्त्री-दरोडेखोरावरचा वेस्टर्न त्यांनी केला. तेव्हा इटलीत या प्रकारात बाईने दिग्दर्शन करणं हे जवळजवळ ऐकिवातच नव्हतं. पडद्यावर नाव आलं ते 'नेथन विच', एका पुरुषाचं. मार्तिनेल्ली २०१७ मध्ये गेल्या, व्हेर्टम्युलर डिसेंबर २०२१ मध्ये.

पडद्यामागच्यांपैकी कुणाची नावं लक्षात ठेवावीत?

कार्लो सिमी यांचं सर्वांत आधी. ते वास्तुविशारद होते. लिओने यांच्या वेस्टर्नमधली घरं, सलून, बँका त्यांनी रचल्या आणि ते लांब कोट, ते पाँचोही त्यांच्याच हातचे. 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर'साठी त्यांनी ताबेर्नासजवळ एल पासो हे गाव लाकडात उभारलं. ते आजही उभं आहे आणि लोक तिकीट काढून पाहायला जातात. सिमी २००० मध्ये गेले.

छायालेखकांत दाल्लामानो (निधन १९७६) आणि तोनिनो देल्ली कोल्ली (निधन २००५). चेहऱ्याच्या सुरकुत्यांना डोंगररांगांइतकी जागा देणारी ती चौकट या दोघांच्या हातून घडली. पोस्टरं रंगवणारे रेनातो कासारो सप्टेंबर २०२५ मध्ये गेले. साहसदृश्यांतले लोक, घोडे शिकवणारे, आल्मेरियाच्या गावांतून दिवसाच्या मजुरीवर आलेले शेतकरी आणि जिप्सी यांची तर नोंदच अपुरी आहे. जिथे एखादं नाव हाती लागतं, तिथे ते लिहून ठेवावं.

जर्मन वेस्टर्नची माणसं यात मोजायची का?

नक्कीच. कार्ल माय यांच्या कथांतल्या अपाची सरदार विनेटूची भूमिका अकरा चित्रपटांत करणारे पिएर ब्रीस हे फ्रान्समधल्या ब्रेस्तचे, मूळ नाव पिएर-लुई ल ब्री. जर्मनीत त्यांचं स्थान आपल्याकडच्या पौराणिक पटांतल्या देवांची कामं करणाऱ्यांसारखं होतं: माणूस आणि भूमिका वेगळी काढणं लोकांना जमेना. १९६५ च्या चित्रपटात विनेटू मरतो, तेव्हा त्याला गोळी घालणारे नट रिक बाताल्या यांच्यावर लोकांचा खराखुरा राग निघाला. बाताल्या आणि ब्रीस दोघेही २०१५ मध्येच गेले, पहिले मार्चमध्ये, दुसरे ६ जूनला. विनेटूचा गोरा मित्र ओल्ड शॅटरहँड झालेले लेक्स बार्कर १९७३ मध्येच गेले होते. विनेटूची बहीण झालेल्या मारी व्हेर्सिनी नोव्हेंबर २०२१ मध्ये गेल्या, आणि ज्यांच्या सुरावटीशिवाय क्रोएशियाचे ते पांढरे कडे डोळ्यांपुढे येत नाहीत ते मार्टिन बॉट्शर २०१९ मध्ये.

ज्यांचं वागणं निंद्य होतं, त्यांना आदरांजली वाहायची का?

हा प्रश्न बहुतेकदा जर्मन नट क्लाउस किन्स्की यांच्यामुळे येतो. ते २३ नोव्हेंबर १९९१ रोजी कॅलिफोर्नियात गेले. त्यांची थोरली मुलगी पोला हिने २०१३ मध्ये, लहानपणी वडिलांनी आपलं लैंगिक शोषण केल्याचं जाहीरपणे लिहिलं. 'द ग्रेट सायलेन्स' या वेस्टर्नमधलं त्यांचं बर्फासारखं थंड काम नोंदवावं, कारण ते चित्रपटाच्या इतिहासाचा भाग आहे. पण त्याच परिच्छेदात पोलाचं म्हणणंही यावं. 'विक्षिप्त प्रतिभावंत' असा शब्द वापरून ते झाकणं हा तिच्यावर दुसरा अन्याय आहे. स्मरण करणं म्हणजे गौरव करणंच, असं कुणी ठरवलेलं नाही.

स्मरणासाठी जाता येईल अशी एखादी जागा आहे का?

एक जागा सांगतो. स्पेनच्या बुर्गोस प्रांतात, सांतो दोमिंगो दे सिलोसजवळच्या खोऱ्यात, 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'च्या शेवटच्या प्रसंगासाठी १९६६ मध्ये स्पॅनिश सैनिकांनी एक दफनभूमी बांधली. गोलाकार फरसबंदीभोवती पाच हजारांहून जास्त कबरी, सगळ्या खोट्या. काम संपल्यावर ती तशीच टाकून दिली आणि जवळजवळ पन्नास वर्षं तिच्यावर माती आणि गवत चढत गेलं. २०१५ पासून सॅड हिल (चित्रपटातलं या दफनभूमीचं नाव) सांस्कृतिक संस्थेच्या स्वयंसेवकांनी कुदळी-फावडी घेऊन ती मोकळी केली. बाहेरदेशचे लोकही सुट्टीत येऊन माती उपसत. खर्चासाठी त्यांनी युक्ती काढली: १५ युरो द्या, एका क्रॉसवर तुमचं नाव. २०१६ मध्ये पन्नासाव्या वर्षानिमित्त तिथे सोहळा झाला.

दक्षिणेला जायचं असेल तर आल्मेरियाच्या लोस आल्बारिकोकेस या छोट्या गावात लिओने यांच्या चित्रपटांतल्या माणसांची नावं रस्त्यांना दिलेली आहेत. ताबेर्नासला २०११ पासून वेस्टर्नचा महोत्सवही भरतो.

पुण्यतिथीला चार ओळी लिहायच्या असतील तर काय लिहावं?

खरं नाव, पडद्यावरची सगळी नावं, जन्म-मृत्यूची तारीख आणि गाव, आणि एक असा प्रसंग जो वाचून माणूस म्हणेल, 'अरे, तो होय!' उदाहरणार्थ, जुलियानो जेम्मा: १९६५ च्या 'अ पिस्टल फॉर रिंगो'त 'माँटगोमेरी वूड' नावाने चमकले, पुढे शिल्पकारही झाले, आणि १ ऑक्टोबर २०१३ रोजी रोमजवळ चेर्वेतेरी इथे मोटार अपघातात गेले. एवढं पुरतं. 'एका युगाचा अंत' वगैरे नको.

तारखा तपासून घ्याव्यात. 'जँगो'चे दिग्दर्शक सर्जिओ कोर्बुच्ची यांचं जन्मवर्ष कुठे १९२६ तर कुठे १९२७ छापलेलं दिसतं. अशा वेळी एकच आकडा रेटण्यापेक्षा १९९० हे मृत्युवर्ष द्यावं आणि पुढे त्यांच्या चिखलातून शवपेटी ओढत येणाऱ्या जँगोबद्दल लिहावं. निधनाची बातमी आली की त्या देशातल्या वर्तमानपत्रात ती आहे का, हे आधी पाहावं. आणि जिवंत माणसाला चुकून श्रद्धांजली वाहिली गेली, तर ती लगेच मागे घेऊन दुरुस्ती ठळक लावावी.

आपल्याकडे या लोकांचा काही धागा पोचतो का?

पोचतो. 'शोले'त (१९७५) ठाकूरच्या कुटुंबाची हत्या होते तो प्रसंग पाहा आणि मग 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'मधला मॅकबेन कुटुंबाचा प्रसंग पाहा: आवाज थांबणं, बंदुकीची वाट पाहणारी शांतता, शेवटी उरलेलं लहान मूल. फ्रँक वुल्फ यांचं काम अशा वाटेने रामनगरच्या खडकांपर्यंत आलं.

दुसरा धागा थेट माणसाचा आहे. तोमास मिलियान या क्यूबात जन्मलेल्या नटाला (निधन २२ मार्च २०१७) घेऊन तीन उत्तम राजकीय वेस्टर्न काढणारे सर्जिओ सोलिमा यांनी १९७६ मध्ये इटालियन दूरदर्शनसाठी 'सांदोकान' केलं, आणि त्यात नायक म्हणून आपले कबीर बेदी घेतले. त्या मालिकेने बेदी इटलीत घराघरांत पोचले. सोलिमा १ जुलै २०१५ रोजी रोममध्ये, ९४ व्या वर्षी गेले. लिओने आणि कोर्बुच्ची या दोन सर्जिओंच्या पुढे या तिसऱ्याचं नाव मागे राहतं. सोलिमा यांच्या त्या तीन वेस्टर्नमधला 'द बिग गनडाउन' मिळाला तर आधी तो पाहा. त्यात व्हॅन क्लीफ आणि मिलियान समोरासमोर आहेत आणि संगीत मॉरिकोने यांचं आहे.